दगडापासून मातीपर्यंत: विदारण, झीज आणि संचयन स्वतः तपासून पाहण्याच्या पद्धती

एखाद्या ठिकाणी मातीचा थर किती जाड आहे, हे दोन वेगांवर ठरतं. खालचा खडक किती वेगाने फुटतो-कुजतो, आणि वरचा सुटा माल किती वेगाने वाहून जातो. फुटणं जास्त आणि वाहणं कमी असेल तर माती साचते. उलट असेल तर खडक उघडा पडतो. तिसरी शक्यताही असते. दुसरीकडून आलेला माल तिथे येऊन बसतो, आणि मग त्या मातीचा खालच्या खडकाशी काहीच संबंध नसतो. पुढच्या सगळ्या चाचण्या या तीनपैकी काय घडलं आहे, हे ओळखण्यासाठी आहेत.

संज्ञांचा गोंधळ आधी मिटवू. विदारण म्हणजे खडक जागच्या जागी कमकुवत होणं. झीज म्हणजे सुटलेला माल उचलून नेणं. शेतात यालाच धूप म्हणतात. नेणाऱ्याचा जोर कमी पडला की माल खाली बसतो, ते संचयन. शंका आली की एकच प्रश्न विचारायचा: हा कण जिथे सुटला तिथेच आहे का? नसेल, तर त्याला कोणी आणलं आणि नेमका इथेच का टाकला?

खडक फुटतो कसा

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. साध्या हिशेबाने दगडातली छिद्रं साधारण ९१ टक्क्यांहून जास्त भरलेली नसतील, तर बर्फाला फुगायला मोकळी जागा मिळते आणि दगडाला फारसं काही होत नाही. म्हणून नुसता ओला दगड फ्रीजरमध्ये टाकून काही दिसत नाही. तो पूर्ण भिजलेला हवा.

१. कमी भाजलेल्या, नखाने ओरखडा पडेल अशा विटेचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. वाळवून दोन्हींचं वजन करा.
२. दोन्ही २४ तास पाण्यात बुडवून ठेवा.
३. एक तुकडा थोड्या पाण्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी घट्ट बांधा आणि १२ तास फ्रीजरमध्ये ठेवा. मग १२ तास साध्या पाण्यात वितळू द्या. दुसरा तुकडा तेवढा वेळ पाण्यातच राहू द्या.
४. अशी दहा आवर्तनं करा. शेवटी दोन्ही तुकडे वाळवा, पुन्हा वजन करा आणि सुटलेली भुकटी वेगळी तोला.

दुसरा तुकडा ठेवला नाही, तर भुकटी गोठण्यामुळे पडली की नुसत्या भिजण्यामुळे, हे सांगता येत नाही. तुकडा उघडा ठेवला तर फ्रीजरची कोरडी हवा त्यातलं पाणी ओढून घेते आणि प्रयोग फसतो. ग्रॅनाइटचा ताजा तुकडा दहा आवर्तनांत काहीच दाखवणार नाही, कारण त्यात छिद्रं फार कमी असतात. काचेची बरणी फ्रीजरमध्ये अजिबात वापरू नका.

रासायनिक विदारण पाहायला संगमरवराचा साधारण २० ग्रॅमचा तुकडा आणि ५ टक्के आम्लाचं पांढरं व्हिनेगर २०० मिलिलिटर पुरतं. तीन दिवस बुडवून ठेवा, रोज व्हिनेगर बदला आणि शेवटी तुकडा धुऊन, वाळवून तोला. तराजू ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. इथे अनेक जण फळ्यावरचा खडू वापरतात आणि काहीच झालं नाही म्हणून गोंधळतात. आजचा बराचसा खडू चुनखडीचा नसून जिप्समचा असतो आणि जिप्सम व्हिनेगरने फसफसत नाही. डोलोमाइट हा चुनखडीसारखाच पण मॅग्नेशियम असलेला दगडही अखंड असताना जवळजवळ गप्प राहतो. त्याची भुकटी केली तरच बुडबुडे दिसतात.

स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) सुमारे ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. व्हिनेगर त्याहून कितीतरी तीव्र आहे, म्हणून तीन दिवसांच्या निकालावरून निसर्गातला वेग काढू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: मुळं आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून उघड्या कोरड्या खडकापेक्षा ओल्या मातीखाली झाकलेला खडक सहसा लवकर कुजतो. माती स्वतःच आणखी माती तयार करायला मदत करते, पण थर फार जाड झाला की पाणी आणि आम्ल खालपर्यंत पोचणं कमी होतं आणि हा वेग मंदावतो.

सगळी खनिजं सारखी टिकत नाहीत. अमेरिकन भूवैज्ञानिक गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडलेला क्रम आजही कामाचा आहे: ऑलिव्हिन सर्वांत आधी जातं, मग पायरॉक्सिन, अँफिबोल, बायोटाइट, क्वार्ट्झ सर्वांत शेवटी. फेल्डस्पारची चिकणमाती होते, पण हे घरच्या प्रयोगात दिसणार नाही इतकं संथ आहे. वाळूत नुसतं क्वार्ट्झ उरलं असेल, तर तो माल बराच कुजून, बराच फिरून आलेला समजा. वाळूत काळे, हिरवट, सहज कुजणारे कण भरपूर असतील तर मूळ खडक जवळ आहे.

बाहेर पडल्यावर भेगांनी चौकोनी तुटलेला खडक शोधा. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी पोचतं, कडेवर दोन आणि सपाट पृष्ठावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळ्याच्या आत गोल गाभा उरतो, त्याच्याभोवती पापुद्रे सुटतात. असे गोल धोंडे नदीने घासलेले नाहीत. ते जागेवरच गोल झाले आहेत. ओळखायची खूण अशी: धोंड्यांच्या मधल्या कुजलेल्या भागात मूळ भेगांची चौकट अजून दिसते.

आकारमानाचा हिशेबही एकदा करून पाहा. १० सेंटीमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६०० चौरस सेंटीमीटर असतं. त्याचे १ सेंटीमीटरचे हजार घन केले की तेच ६,००० होतं. फुटण्यामुळे कुजायला दहापट जागा मिळाली.

कणांवरून वाहून आणणारा ओळखणं

मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून तीन गोष्टी पाहा: आकारमान, गोलाई, आणि सगळे कण एकाच मापाचे आहेत का. वाऱ्याने आणलेली वाळू बहुधा एकसारख्या मापाची असते, कारण वारा मोठे कण मागे ठेवतो आणि धूळ पुढे नेतो. हिमनदीने टाकलेल्या मालात मोठे धोंडे आणि बारीक पीठ एकत्रच असतं. बर्फ निवड करत नाही. दरड कोसळलेला मालही असाच मिसळलेला असतो, पण त्याचे तुकडे धारदार असतात. नदीचा माल या सगळ्यांच्या मधे कुठेतरी, आणि उगमाकडून खाली जाताना तो सहसा लहान आणि गोल होत जातो.

पाणी किती वेगाने वाहिलं की कोणता कण उचलतं, याचा आलेख स्वीडनचे फिलिप ह्युलस्ट्रोम यांनी १९३५ मध्ये दिला. त्यातली अनपेक्षित गोष्ट म्हणजे सर्वांत बारीक कण सर्वांत आधी उचलले जात नाहीत. मध्यम-बारीक वाळू सर्वांत सहज हलते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांना सोडवायला जास्त वेग लागतो. मात्र एकदा सुटले की अगदी संथ पाण्यातही ते तरंगत राहतात. गढूळ पाणी निवळायला दिवस का लागतात, याचं कारण हेच.

नदीपात्रात चपटे गोटे एकमेकांवर कलंडून रचलेले दिसले, तर ते वरच्या प्रवाहाच्या दिशेने कललेले असतात. कोरड्या पात्रातही यावरून जुना प्रवाह कुठून आला हे कळतं. वाळूवरच्या लहरींची उभी बाजू प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे असते. वळणाच्या बाहेरच्या काठाजवळ उभं राहू नका. तिथे पाणी खालून कोरतं आणि वरचा काठ लोंबत असतो.

थाळ्यातली नदी

किमान ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ८ खोल ट्रे घ्या. खालच्या टोकाला तळापासून २ सेंटीमीटर उंचीवर भोक पाडा, म्हणजे तिथल्या तळ्याची पातळी कायम राहील. वरचा दोन तृतीयांश भाग ओलसर बारीक वाळूने ४-५ सेंटीमीटर भरा, खालचा मोकळा ठेवा. वरच्या टोकाखाली ३ सेंटीमीटरचा ठोकळा द्या. ६० सेंटीमीटरवर ३ म्हणजे ५ टक्के उतार. पाणी मिनिटाला साधारण अर्धा लिटर, आणि धार पडते तिथे स्पंजचा तुकडा ठेवा. स्पंज नसेल तर धार खड्डा पाडते आणि तुम्ही नदीऐवजी धबधब्याचा पाया पाहत बसता.

वाळू कोरडी असेल तर पाणी आत मुरतं आणि सगळा थर घसरतो. धार जास्त असेल तर एकच सरळ घळ पडते. व्यवस्थित जमलं तर १०-१५ मिनिटांत प्रवाह फाटे फोडतो आणि तळ्याच्या तोंडाशी त्रिभुज प्रदेश पुढे सरकू लागतो. त्याची कड दर ५ मिनिटांनी मोजून ठेवा. मग उतार १० टक्के करा. पुढच्या खेपेला उतार परत ५ टक्के ठेवून भोक खाली घ्या, म्हणजे तळ्याची पातळी उतरेल. हा शेवटचा बदल सगळ्यांत शिकवणारा आहे: पाणी खालच्या टोकाला खोल कापतं आणि तो काप हळूहळू वरच्या दिशेला सरकतो. खाली वाळू उपसली की नदीचं पात्र वरही खचतं, ते याच कारणाने.

नागमोडी वळणं दिसली नाहीत म्हणून निराश होऊ नका. नुसत्या वाळूचे काठ टिकत नाहीत, म्हणून प्रवाह फाटे फोडत राहतो. वळणं हवी असतील तर वाळूत थोडी चिकणमाती मिसळा, किंवा लवकर उगवणारं बी पेरून मुळं धरेपर्यंत थांबा.

पाऊस आणि उघडी माती

३० × २० सेंटीमीटरचे तीन ट्रे, तळाला निचऱ्याची भोकं, प्रत्येकात ५ सेंटीमीटर सारखीच माती. एक उघडा, दुसऱ्यावर २-३ सेंटीमीटर पालापाचोळा, तिसऱ्यात गवत उगवून ३-४ आठवडे झालेले. वरची कड ३ सेंटीमीटर उचला. झारीने १ मीटर उंचीवरून प्रत्येकावर १ लिटर पाणी २ मिनिटांत फवारा. ६०० चौरस सेंटीमीटरवर १ लिटर म्हणजे जवळपास १७ मिलिमीटर पाऊस झाला. खालच्या कडेवरून वाहिलेलं पाणी गोळा करा, आधीच तोललेल्या गाळणकागदातून गाळा, कागद वाळवून पुन्हा तोला. या ट्रेवरून १ ग्रॅम माती गेली, तर ती हेक्टरी सुमारे १६७ किलो पडते.

हा आकडा खऱ्या पावसाचा समजू नका. एक मीटरवरून पडलेला थेंब सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेग गाठतो, तर पावसाचे मोठे थेंब सुमारे ९ मीटरने आदळतात. वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट. तिन्ही ट्रेंची आपापसातली तुलना मात्र खरी असते. माती आधी भिजवून निथळवली नाही तर पहिला ट्रे पाणी पिऊन टाकतो आणि वाहायला काही उरत नाही.

खड्डा आणि त्यातले थर

मातीची गोष्ट खरी कळते ती उभ्या कापात. आधीच खणलेला काप, रस्त्याची कड किंवा ओढ्याचा काठ मिळाला तर उत्तम. नवा खड्डा घ्यायचा तर १ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ६० ते १०० सेंटीमीटर खोल पुरे. जमिनीखालच्या वाहिन्या, तारा आधी विचारून घ्या. आधार न दिलेल्या १.२ मीटरहून खोल खड्ड्यात उतरू नका. वरची माती आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगात ठेवा, भरताना त्याच क्रमाने परत जायला हवी.

ज्या बाजूवर उजेड पडतो तिथला २-३ सेंटीमीटर थर सुरीने उचकटून काढा. फावड्याने गुळगुळीत झालेल्या भिंतीवर रचना दिसत नाही. शेजारी टेप लावा, फोटो घ्या, मग थर मोजा. सर्वांत वर पालापाचोळ्याचा ओ थर, त्याखाली ह्युमसने, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय मालाने, गडद झालेला ए, काही ठिकाणी मुरणाऱ्या पाण्याने धुऊन फिकट झालेला ई, मग वरून उतरलेली चिकणमाती, लोह किंवा चुना साठलेला बी, त्याखाली अर्धवट कुजलेला खडक सी, आणि शेवटी पक्का खडक आर. सगळे थर सगळीकडे सापडत नाहीत. तरुण मातीत ए थेट सी वर बसलेला असतो, आणि नसलेला बी शोधण्यात वेळ घालवू नये.

आता मुख्य निकाल. थरांमधली हद्द हळूहळू बदलत असेल, खाली जाताना धारदार तुकडे वाढत असतील आणि सी मध्ये खडकाच्या भेगा अजून ओळखू येत असतील, तर माती जागेवरच तयार झाली आहे. हद्द सुरीने कापल्यासारखी असेल, मधे गोल गोट्यांचा थर असेल किंवा वाळू आणि गाळाचे पट्टे आलटून पालटून येत असतील, तर ते संचयन आहे. पट्टे म्हणजे वेगवेगळे पूर. गडद पट्टा खोलवर पुन्हा दिसला, तर तो बहुधा जुना पृष्ठभाग आहे, नव्या गाळाखाली गाडला गेलेला.

दोन फसव्या गोष्टी असतात. १५ ते २५ सेंटीमीटरवर घट्ट, चपट्या पापुद्र्यांचा थर लागला, तर तो नांगरटीने दाबलेला असण्याची शक्यता मोठी. त्याला बी म्हणून नोंदवू नका. खऱ्या बी मध्ये ढेकळाच्या बाजूंवर चिकणमातीची चकाकी भिंगातून दिसू शकते. आणि रंग नेहमी ओल्या मातीचा नोंदवा, कारण कोरडी माती फिकट दिसते. लाल-पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे हवा खेळते. करडा, त्यात गंजाचे ठिपके, म्हणजे वर्षातला काही काळ पाणी साचतं.

दर १० सेंटीमीटरवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफस कोणत्या खोलीवर सुरू होते, यावरून पाणी चुना किती खोल नेतं हे कळतं. कोरड्या हवामानात चुन्याचे खडे वर सापडतात, भरपूर पाऊस असतो तिथे चुना पार धुऊन गेलेला असतो.

एकाच खड्ड्यावरून परिसराचा निष्कर्ष काढू नका. रशियाचे डोकुचाएव यांनी १९व्या शतकातच दाखवलं की माती ही निव्वळ दगडाची भुकटी नाही. पुढे १९४१ मध्ये हान्स येनी यांनी पाच घटक एकत्र मांडले: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. यांपैकी भूरूप तुम्ही एका दुपारी तपासू शकता. टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाच ठिकाणं ठरवा. १ मीटरची फळी आणि लेव्हल घेऊन उतार मोजा. फळी समतल धरल्यावर खालच्या टोकाला १० सेंटीमीटरचं अंतर म्हणजे १० टक्के. टोकदार सळई ठोकून मातीची खोली पाहा, एका मीटरच्या आत तीनदा, आणि सर्वांत खोल आकडा घ्या, कारण सळई मधल्या दगडावरही अडकते. उताराच्या फुगीर खांद्यावर माती पातळ आणि पायथ्याशी जाड निघाली, तर वाहणं आणि साचणं एकाच रेषेवर सापडलं.

बरणीतला हिशेब

माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. सरळ बाजूंची काचेची बरणी एक तृतीयांश भरा, चमचाभर भांड्यांची किंवा कपड्यांची पावडर घाला, वर ३-४ सेंटीमीटर सोडून पाणी भरा. चिकण माती असेल तर रात्रभर भिजू द्या. ५ मिनिटं जोरात हलवा, ठेवा, आणि परत हात लावू नका.

पाण्याची खोली १० सेंटीमीटर असेल तर ४५ सेकंदांनी खाली बसलेली ती वाळू. खूण करा. पोयटा, म्हणजे ०.०५ ते ०.००२ मिलिमीटरचे कण, यासाठी अनेक ठिकाणी २ तास सांगतात, पण तेवढ्या वेळात १० सेंटीमीटरवरून फक्त ०.००४ मिलिमीटरपर्यंतचेच कण पूर्ण उतरतात. २० अंशांच्या पाण्यात नीट खूण हवी असेल तर सुमारे ८ तास थांबा. त्यानंतर बसते ती चिकणमाती. तिला २४ ते ४८ तास द्या. वाळू २.४, पोयटा १.८, चिकणमाती १.८ सेंटीमीटर, एकूण ६ असेल तर ४०, ३० आणि ३० टक्के.

चिकणमातीचा थर सैल बसतो, म्हणून तिचा आकडा नेहमी थोडा जास्त येतो. पाणी काही मिनिटांतच स्वच्छ झालं आणि तळाशी कापसासारखे गोळे दिसले, तर चुना किंवा क्षार जास्त आहेत आणि बारीक कण गोळा होऊन बसले आहेत. अशा वेळी माती दोनदा पाण्याने धुऊन पावडर वाढवा.

पडताळा हाताने घ्या. ओली माती मळून अंगठा आणि बोटामध्ये पट्टी काढा. २.५ सेंटीमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी, ५ सेंटीमीटरपर्यंत गेली तर मध्यम, त्याहून लांब तर भरपूर. वाळू खरखरते, पोयटा गुळगुळीत लागतो पण चिकटत नाही.

वर्षभराचं माप

प्रत्यक्ष धूप मोजायला ३० सेंटीमीटरच्या पातळ लोखंडी सळया उतारावर ओळीने ठोका, ५ सेंटीमीटर वर ठेवा, प्रत्येक ओळीत किमान दहा. पावसाळ्याआधी आणि नंतर उघडी लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. मातीची घनता घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम धरली तर १ मिलिमीटर थर म्हणजे हेक्टरी १३ टन. इतकीच माती नव्याने तयार व्हायला बहुतेक ठिकाणी कित्येक वर्षं लागतात, म्हणून १-२ मिलिमीटरला किरकोळ समजू नका.

चूक इथे सहज होते. फुगणारी काळी माती भिजली की पृष्ठभाग स्वतःच वर येतो, म्हणून दोन्ही मोजमापं माती सारखीच कोरडी असताना घ्या. सळईभोवती पाणी खड्डा पाडतं, म्हणून सळईला टेकवून न मोजता २-३ सेंटीमीटर बाजूला पट्टी ठेवून माप घ्या. सळईला अडकलेला काडीकचरा मोजण्याआधी अलगद काढा. आणि एखादी सळई आधीपेक्षा कमी उघडी निघाली तर ती चूक म्हणून खोडू नका. वरच्या सळयांजवळून सुटलेली माती तिथे बसली असण्याचीच शक्यता जास्त.